मदत हवी आहे: पत्रिकेत कोवाल्स्की की कोवाल्स्का?

मंडळी, पोलंडमध्ये राहिलेलं कुणी आहे का इथे? भाचीचं लग्न पोलिश मुलाशी ठरलंय, आडनाव कोवाल्स्की. ‘कोवाल’ म्हणजे लोहार, म्हणजे आपल्याकडचे लोहारच की! नोवाकच्या खालोखाल तिकडे हेच आडनाव सर्वाधिक. सर्वसामान्य माणसालाही ‘यान कोवाल्स्की’ म्हणतात.

घोळ पत्रिकेचा आहे. वडील कोवाल्स्की, पण आई कोवाल्स्का, कारण ‘-स्की’ने संपणारं आडनाव बाईचं असलं की ‘आ’कारान्त होतं. दोघांचं मिळून म्हणे ‘कोवाल्स्त्सी’! मग ‘श्री. व सौ.’ पुढे देवनागरीत नेमकं काय छापू? आणि भाचीने आडनाव बदललं तर ती कोवाल्स्काच ना? प्रेसवाल्याने प्रुफात ‘कोवळस्की’ करून ठेवलंय. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, प्लीज.