मालवणच्या आईला सुशी बफेला नेऊ का?

कर्लीकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथे मासेखाऊ आणि अमेरिकावासी दोन्ही जमातींचे लोक भरपूर, म्हणून विचारते.

आम्ही सेंट्रल जर्सीत असतो. आई-बाबा गेल्या महिन्यात देवबागहून आलेत, सहा महिने आहेत. लेकाचा सोळावा वाढदिवस या रविवारी करतोय. (तारीख शनिवारची आहे, पण आई सोमवार, गुरुवार, शनिवार मासे शिवत नाही. वाढदिवस ढकलता येतो, वार नाही.) चिरंजीवांनी जाहीर केलंय की केकबिक नको, हायवेलगतच्या त्या जपानी सुशी-सीफूड बफेलाच जायचं. रविवारी रात्रीचा दर माणशी ३९ डॉलर ९९ सेंट, वर टॅक्स, वर टिप. बसायला दोन तास. आठवड्यातल्या दुपारी बरंच स्वस्त पडतं, पण तेव्हा साशिमी (कच्च्या माशाचे नुसते काप) आणि खेकड्याचे पाय नसतात, आणि याला नेमके तेच हवेत.

अडचण आईची. ती मासे घ्यायला बसली की आधी भाव विचारत नाही. कल्ला उघडून लाल आहे का बघते, पोटाशी बोट दाबून खळगा भरून येतो का बघते, पापलेट असेल तर कल्ल्यापाशी दाबून पाणी पांढरं येतंय ना ते बघते. मग भाव. मागच्या आठवड्यात मी सुपरमार्केटातून सुशीची डबी आणली होती. तिने झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्या काय गो? मासो शिजवूक विसरले काय?"

तर तिला तिथे काय खायला घालू? वय ७१, मधुमेहाच्या गोळ्या चालू, बाकी ठणठणीत. कच्चं खाल्लं तर बाधेल का?

आणि बाबा. बाबांनी बारा वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून मासा बंद. नातवाच्या वाढदिवसाला आजोबांना घरी ठेवणं बरं दिसत नाही. त्यांना तिथे काही मिळेल, की चाळीस डॉलरचं कलिंगड खाऊन परत येतील?

नवरा म्हणतो, त्यापेक्षा आईंना घरी कुर्ल्या (खेकडे) करायला सांग. नवऱ्याला विचारलं नव्हतं.

मोरीमसाला

न्या हो ताई, बिनधास्त न्या. ह्यूस्टनला आल्यापासून मी पगाराचा बरा वाटा असल्या बफेंत घातलाय, तेव्हा अनुभवाचे बोल ऐका.

आत शिरल्या शिरल्या ताट उचलायचं नाही. हात मागे बांधून एक फेरी मारायची. कुठला ट्रे आत्ता आलाय आणि कुठला अर्ध्या तासापासून वाळतोय ते कळतं. सुशीच्या भाताचे कडेचे दाणे कडक, काचेसारखे दिसले तर पुढे सरका. शेफ समोर उभा असेल तर सरळ सांगायचं, बाबा रे, दोन नवीन करून दे. बहुतेक जण देतात.

भातावर पोट भरू नका. अनलिमिटेड थाळीवाला सुरुवातीलाच पुऱ्या आणि ढोकळा का मारून वाढतो? इथे नूडल्स आणि तळलेले रोल दारातच मांडलेले असतात ते त्याचसाठी.

खेकड्याचे पाय आईंना चालतीलच. ते स्नो क्रॅब, आधी उकडून मग गोठवलेले येतात, बफेवाला फक्त वाफ देतो. नवीन ट्रे आला की जी झुंबड उडते त्यापुढे लालबागची रांग परवडली. अडकित्त्याच्या नादी लागू नका. सांधा उलट्या बाजूला वाकवून अलगद ओढला की आतला गर अख्खा बाहेर येतो.

'क्रॅब सॅलड' आणि कॅलिफोर्निया रोलमधला तो लाल-पांढरा खेकडा म्हणजे खेकडा नव्हे. पोलॉक माशाचा लगदा, त्यात स्टार्च, अंड्याचं पांढरं आणि वरून रंग. खायला हरकत नाही, पण आईंना खेकडा म्हणून देऊ नका, तुमचीच पत जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'सुपर व्हाइट टूना' अशी पाटी दिसली तर दोन तुकड्यांवर थांबा. तो टूना नसतो, बहुधा एस्कोलार नावाचा दुसराच मासा असतो. त्याच्या अंगातलं तेल मेणाच्या जातीचं, आपल्या पोटाला पचत नाही. जपानने तो १९७७ सालीच बंद केला. मी हे कळायच्या आधी एका बैठकीत दहा तुकडे हाणले होते. लोणी हो, लोणी! दुसऱ्या दिवशी ऑफिसला खाकी पँट घालून गेलो. पुढचं लिहीत नाही. नारिंगी तेल, एवढंच सांगतो.

खडूस_कोकणी

चाळीस डॉलर म्हणजे साडेतीन हजार रुपये. तेवढ्यात मालवणात अख्खं घर सुरमईची थाळी खाऊन वर सोलकढी पिऊन येईल.

कर्लीकाठची

@खडूस_कोकणी, विमानाचं तिकीट धरलंत का त्यात?

@मोरीमसाला, पँटीचं वाचून नवऱ्याचा चहा सांडला. धन्यवाद.

निशीकासाईकर

मी अकरा वर्षं तोक्योत आहे, त्यामुळे दोन शब्द.

इथे पोटभर खाण्याला 'ताबेहोदाई' म्हणतात आणि बफेला 'बाइकिंगु', म्हणजे व्हायकिंग. १९५८ साली इथल्या इंपीरियल हॉटेलाने उत्तर युरोपातली मांडून ठेवलेल्या जेवणाची पद्धत उचलली आणि हे नाव दिलं. गंमत म्हणजे फिरत्या पट्ट्यावरची पहिली सुशीही त्याच वर्षी, ओसाकाजवळ सुरू झाली. बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा बघून दुकानदाराला सुचलं होतं. मात्र तुमच्या जर्सीतल्या बफेशी या दोन्हींचं नातं चुलत-चुलतच. तिथे एकाच छताखाली सुशी, चिनी नूडल्स, शिंपले आणि चॉकलेटचं कारंजं असतं. इथे असं दाखवलं तर लोक नमस्कार करून हळूच मागे सरकतील.

आईंच्या कच्च्याबद्दल. आपल्याकडे ताजा म्हणजे पहाटे होडीतून उतरलेला. कच्चा खायचा मासा बहुतेक वेळा उलट असतो, आधी कडक गोठवलेला. जंत मारायला अमेरिकेत उणे २० सेल्सियसला सात दिवस किंवा उणे ३५ ला गोठवून १५ तास असा दंडक आहे. टूना तर उणे ६० वर ठेवून जहाजातून येतो. म्हणजे आईंनी 'हा कधीचा?' विचारलं तर खरं उत्तर 'काही महिन्यांचा' असू शकतं, आणि तेच बरं असतं. जपानी लोकसुद्धा पूर्वी सामन (सॅल्मन) कच्चा खात नसत, जंतांच्या भीतीने. नॉर्वेवाल्यांनी १९८० च्या दशकात मत्स्यशेतीतला सामन घेऊन इथे चिकाटीने प्रचार केला, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. आज माझ्या ऑफिसातल्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

पण गोठवल्याने जंत मरतात, सगळे जिवाणू नाही. सत्तरीपुढच्या माणसांनी कच्चं टाळावं असंच डॉक्टर सांगतात. त्यातही कच्ची कालवं अजिबात नकोत. गरम दिवसांत त्यांच्यात एक जिवाणू वाढतो, तो मधुमेह किंवा यकृताचा त्रास असलेल्यांना फार वाईट धरतो. कालवं उकडलेली असतील तरच द्या.

तुळशीमाळ

आमचे सासरे माळकरी, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय. मिसो सूप नको, त्यात बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं पाणी असतं, दाशी म्हणतात. गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी बघायला शाकाहारी, पण ती पिशवीही त्याच पाण्यात शिजवतात. अंड्याच्या वडीतही तेच. भाज्यांचा टेंपुरा, म्हणजे जपानी भजी, कोळंबी तळलेल्याच तेलात. उरले काकडीचा रोल आणि अव्होकॅडोचा रोल. ते शेफसमोर उभं राहून, सुरी धुवायला लावून, नवीन करून घ्या. आमचे सासरे मग फळं आणि आइस्क्रीमवर गेले आणि येताना गाडीत म्हणाले, "घरी वरणभात आहे ना?"

कर्लीकाठची

मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं, पण राहवत नाही.

आईला मी सांगितलं होतं की आधी नुसती फेरी मारायची. तिने ती आठवडी बाजार बघावा तशी मारली. पदर खोचून, पर्स काखेत, प्रत्येक ट्रेपुढे थांबून. उकडलेल्या कोळंबीपाशी मान हलवली. शिणाण्यांपाशी (काळ्या शिंपल्यांपाशी) थांबून "हे हंय पण गावतत?" असं विचारलं. टूनापाशी मात्र बराच वेळ उभी. मला वाटलं, घाबरली. तर मला हळूच म्हणते, "ह्यो रंग खरो न्हय. कुपो असो गुलाबी नसता. कापल्यार घटकाभरात काळसर पडता." शेफला मराठी येत नव्हतं, देवाची कृपा. पण ते तुकडे खरंच कलिंगडासारखे लाल होते, सगळे एका रंगाचे. निशीकासाईकर, यावर काही सांगाल का?

सामनचा एक तुकडा तिने नातवाच्या आग्रहाखातर खाल्ला. (हो, मला माहीत आहे. एकच.) आधी भातावरून उचलला, वास घेतला, उजेडात धरला, मग तोंडात. चावताना चेहऱ्यावर काहीच नाही. मग म्हणाली, "वास नाय, काय नाय. मऊ आसा. पण ह्येका मासो म्हणूक माझा मन धजणा नाय." तेवढ्यात बशीतली हिरवी गोळी चटणी समजून तिने बोटावर घेतली, मी ओरडेपर्यंत गेलीसुद्धा. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि पहिला शब्द काय, तर "मोहरी!" घरी येऊन सुपरमार्केटातल्या वसाबीच्या ट्यूबवरचं साहित्य वाचलं. हॉर्सरॅडिश, मोहरी, रंग. खरी वसाबी औषधालाही नाही. बाईचं नाक मानलं.

आणि मग खेकडे. ट्रे आला तेव्हा झुंबड उडाली ती बघून ती मागे राहिली, आणि सगळे गेल्यावर ट्रेच्या तळातले जाड पाय वेचून आली. वरचे पातळ असतात म्हणे. मोरीमसाला, तुमची वाकवून ओढायची युक्ती मी दाखवली, तिने ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली. तिची पद्धत अशी: पाय दाढेखाली घ्यायचा, एकच 'कट्', मग दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी चीर रुंदावायची आणि गर सांध्यापासून सोडवून घ्यायचा, शेवटी पोकळ नळी चोखायची. शेजारच्या टेबलावरचा एक छोटा मुलगा आपला अडकित्ता खाली ठेवून बघत बसला. वितळलेल्या लोण्यात एकदा बुडवून बघितलं आणि वाटी सरकवून दिली. लिंबू मागवलं. तीन ताटं खाल्ली. अभिप्राय: "मीठ बरा आसा. गोडी नाय. बर्फात रवली ती." तरी तीन ताटं!

बाबा अव्होकॅडोचे सहा रोल खाऊन "बिनचवीचं लोणी" म्हणाले. ग्रीन टी आइस्क्रीमला "कडू कुल्फी", पण दोनदा आणली. बाबा एसटीत कंडक्टर होते. कुणी किती ताटं आणली याचा हिशेब त्यांनी टिश्यूवर ठेवला आणि निघताना वाचून दाखवला. नातू ९, आई ५, मी ४, जावई ६, स्वतः ३. पाच जणांचे २१३ डॉलर २० सेंट, टिपसह २४०. "म्हणजे जावयाने आणि नातवाने आपल्याला सांभाळून घेतलं," असं म्हणून त्यांनी टिश्यू घडी घालून खिशात ठेवला.

चूक एकच झाली. टेबल आवरायला मुलगा आला तर आईने खेकड्याची टरफलं उचलू दिली नाहीत. आमच्याकडे कुर्ल्यांचे बारीक पाय टाकत नाहीत, वाटून, गाळून त्याचा रस कालवणात जातो. ती मला विचारत होती, एवढं हे सगळं फेकतात? मी म्हटलं, फेकतात, आणि इथून काही बाहेर न्यायचं नसतं. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर वास आला. तिच्या पर्समध्ये, पाच-सहा टिश्यूंत गुंडाळून.

निशीकासाईकर

आईंना साष्टांग. तो गुलाबी रंग बहुधा वायूचा. गोठवण्याआधी टूनाला कार्बन मोनॉक्साइड किंवा तसला गाळीव धूर देतात, मग तो कापल्यावरही दिवसच्या दिवस लाल राहतो. अमेरिकेत चालतं, जपानमध्ये नाही. रंगावरून जुना की ताजा ते मग कळतच नाही, हीच त्यावरची तक्रार आहे. त्या न शिकता ओळखून गेल्या.

मोरीमसाला

ते सगळं ठीक आहे हो. टरफलांचं काय झालं?

कर्लीकाठची

दुसऱ्या दिवशी सोमवार होता म्हणून फ्रीझरमध्ये गेली. मंगळवारी सकाळी मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवली, फडक्यातून गाळली, वाटपात घातली. मिक्सरचं पातं बोथट झालं. कालवण पातळ झालं आणि खारट. आईने चव घेतली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "दोन बटाटे घाल."