टाकीत हात घातला की झिणझिण्या येतात, एमसीबी मात्र पडत नाही

साखरपेठकर

नमस्कार मंडळी. आमचं सोलापूरला साखर पेठेत जुनं घर आहे, खाली शहाबादी फरशी. हॉलमध्ये लोखंडी स्टँडवर तीन फुटी टाकी, त्यात गुरामी आणि मोली. पाण्यात बुडणारा फिल्टर, हवेचा पंप आणि वरचा एलईडी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहेत. हल्ली पाणी बदलताना बोटाला खरचटलेल्या जागी बारीक झिणझिण्या येतात. पायात चप्पल असली की काहीच जाणवत नाही. मासे तर मजेत फिरतायत. दुकानदार म्हणतो, "एवढं होतंच, एमसीबी आहे ना?" पण माशांना खाणं टाकायला माझी धाकटी मुलगी रोज स्टुलावर चढते, म्हणून जिवाला घोर लागलाय. अर्थिंगची वायर सरळ पाण्यात सोडली तर भागेल का?

वायरमन_अशोकचौक

आधी बोर्डाची पिन काढा, मग पुढचं वाचा. तपास होईपर्यंत मुलीला टाकीजवळ जाऊ देऊ नका.

एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच. तो वायरिंग वाचवतो, माणूस नाही. ६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअरपर्यंत तो हलणारच नाही. माणसाला १ मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिणी कळते, १० च्या पुढे धरलेली वस्तू सोडवत नाही आणि ३० च्या वरचा करंट छातीतून जात राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. हे सगळं घडून जाईल आणि एमसीबी तसाच चालू राहील.

त्यासाठी आरसीसीबी लागतो. आपल्याकडे बरेच जण अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. कमी आला तर उरलेला पाण्यातून, स्टँडमधून किंवा हातातून जमिनीत गेला. हा फरक ३० मिलिअँपिअर झाला की ०.३ सेकंदाच्या आत लाइन तुटते. दुकानात १०० आणि ३०० चेही मिळतात. त्यांनी माणसाचा जीव वाचत नाही, ३० चाच मागा. त्यावर आयएस १२६४० लिहिलेलं बघून घ्या. ओव्हरलोड मात्र तो बघत नाही, म्हणून एमसीबीही राहू द्या.

मासे मजेत आहेत यावर जाऊ नका. ते पूर्ण पाण्यातच असतात, त्यांच्यातून जमिनीकडे वाट नसते. ती वाट ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून आपण करून देतो.

आता अर्थिंग. पेठेतल्या जुन्या घरांत सॉकेट उघडला की बरेचदा तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, किंवा ती नळाच्या पाइपला बांधलेली असते आणि तो पाइप मधेच कधीतरी पीव्हीसीचा झालेला असतो. जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथेही उन्हाळ्यात माती तडकते, खड्डा सुकतो आणि अर्थिंग नावाला उरतं. खड्ड्यात पाणी घालत राहायला हवं. लोखंडी स्टँडलाही अर्थिंग द्या.

तांब्याची वायर पाण्यात अजिबात सोडू नका. तांबं माशांना विषारी आहे. शिवाय आरसीसीबी नसेल तर करंट गळणारा पंप तसाच चालत राहील आणि करंट पाण्यातून वाहत राहील. आरसीसीबी बसल्यावर हवा तर पाण्यात सोडून अर्थिंगला जोडायचा टायटॅनियमचा प्रोब लावा.

विजापूररोडची_टाकीवाली

वरचं सगळं पटलं. माझ्याकडून एवढंच की प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, पिनेत शिरत नाही. आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. माझ्या टाकीत ते वायरवरून पांढरे चढत प्लगपर्यंत आले होते. आता दर रविवारी ओल्या फडक्याने पुसते, अर्थात पिन काढून. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. लाइट गेली की पाणी उलटं पंपात येतं. थंडीत हीटर लावत असाल तर पाणी काढायच्या आधी बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. हीटरची तापलेली काच उघडी पडली की तडकते.

साखरपेठकर

मनापासून आभार. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघितलं, फिल्टरच खराब निघाला. मोटरवरच्या काळ्या राळेला वायर शिरते तिथे केसाएवढी चीर होती. नवा आणला, ३० चा आरसीसीबीही बसवला. पण हॉलचा पंखा लावला की तो पडतो, टाकीचं सगळं बंद असलं तरी. शेजारी म्हणतात, काढून टाका.

वायरमन_अशोकचौक

काढू नका! आरसीसीबीच्या पुढे टाकीचा न्यूट्रल पंख्याच्या न्यूट्रलला जोडलेला असणार. इन्व्हर्टर नंतर घेतलेल्या घरांत हे फार दिसतं. टाकीचा न्यूट्रल मेन बोर्डापासून वेगळा ओढून घ्या. आणि हा आरसीसीबी फक्त टाकीच्या लाइनला ठेवा, फ्रीजसोबत नको. फ्रीजमुळे रात्री पडला तर सकाळपर्यंत हवा बंद, आणि मेच्या गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. बॅटरीवरचा एक हवेचा पंप घेऊन ठेवा. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडला नाही तर त्याच दिवशी बदला.