अनुभव धागा : तुमच्या भजनी मंडळाला सुरात धरणारं माणूस

नमस्कार मंडळी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्याच तिवसा तालुक्यात. इकडे गावोगाव गुरुदेव सेवा मंडळ आहे, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असते आणि तिच्यामागोमाग खंजिरी भजन, म्हणजे लहान डफासारख्या खंजिरीच्या तालावरचं भजन. मोठ्या कीर्तनकारांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. पण दिवसभर वावरात राबून आलेली पंधरा-वीस माणसं ज्याच्यामुळे एका सुरात गातात, त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. तुमच्याकडे भजन कोण उचलतं, चाल कोण शिकवतं, चुकणाऱ्याला कसं सांभाळून घेतात, हे सविस्तर लिहा. नावं नकोत, गाव-तालुका पुरे.

सुरुवात मी करतो. आमचे मुख्य गायक पिठाची चक्की चालवायचे. गळा गोड नव्हता, पण मोकळा होता आणि सूर पक्का. धृपद, म्हणजे भजनात पुन्हा पुन्हा येणारी ओळ, पहिल्यांदा ते एकटे म्हणत, संथ, एकेक शब्द सुटा. दुसऱ्या वेळी अर्ध्यातच गप्प होत. मग मागच्यांना ते पुरं करावंच लागे. नवीन पोरगं आलं की त्याला डाव्या हाताशी बसवायचे आणि टाळ द्यायचे नाहीत. "आधी आयक, मंग म्हण." टाळ हाती येईपर्यंत पोराच्या कानात सगळ्या चाली बसलेल्या असत. महाराजांची भजनं मराठीत आहेत तशी हिंदीतही. हिंदी शब्द आमच्या तोंडी वऱ्हाडी वळण घेत, त्याबद्दल ते काही बोलत नसत. अर्थ मात्र हमखास विचारत, आणि सांगता आला नाही तर पुढचं भजन नाही. १९४२च्या ऑगस्टमध्ये आष्टी-चिमूर पेटलं त्यामागे महाराजांच्या भजनांचं बळ होतं आणि त्यापायी त्यांना तुरुंगात जावं लागलं, हे मी शाळेच्या पुस्तकाआधी या माणसाकडून ऐकलं.

आर्वी, जि. वर्धा

आमचं महिला मंडळ. भजन उचलतात त्या काकू शेतमजूर आहेत, अक्षरओळख बेताची, भजनं सारी तोंडपाठ. त्यांचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पट्टीबाबतचं, म्हणजे गाण्याचा मूळ सूर कोणता धरायचा याबाबतचं धोरण. आधी पेटीवर पुरुष मंडळातलेच भाऊ बसायचे आणि सवयीनं पेटीची पहिली नाहीतर दुसरी काळी पट्टी (काळी एक, काळी दोन) धरायचे. पुरुषांचा तो सूर. आमचे गळे काळी चार-पाचचे. मग धृपद खाली पुटपुटल्यासारखं व्हायचं आणि अंतऱ्याला, म्हणजे पुढच्या कडव्याला, बाया एकदम वरच्या सप्तकात चढून ओरडायच्या. लोक म्हणायचे, बायकांच्या भजनात गोडवा नाही. एका सप्ताहात काकूंनी भर मांडवात भजन थांबवलं आणि पेटीवाल्या भाऊंना विचारलं, "आमी तुह्या पट्टीत म्हनावं, का तू आमच्या पट्टीत वाजवावं?" भाऊ चांगले मनाचे. त्यांनी तिथल्या तिथे सूर बदलला. त्या रात्री आमचं मंडळ खऱ्या अर्थानं गायलं, असं मी म्हणेन.

आता काकू आधी स्वतः गुणगुणतात आणि कोणत्या बाईचा सूर पुरत नाही ते चेहऱ्यावरून ओळखतात. जिला जास्त वर जाता येत नाही तिच्याकडे टाळ आणि धृपद, अंतरा दोघीतिघींनीच म्हणायचा. कोणाला गप्प बस म्हणून सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

दारव्हा, जि. यवतमाळ

मी पेटीवाला आहे. आर्वीच्या ताईंचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. काळी चारवर वाजवणं अवघड नाही, पण खेड्यातल्या पेटीवाल्याची बोटं एकाच पट्टीत घडलेली असतात आणि स्केल चेंजर पेटी (बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येते ती) परवडत नाही. बायकांच्या मंडळात बसायचं तर ती मेहनत पेटीवाल्यानंच घेतली पाहिजे.

आमच्या बुवांबद्दल लिहितो. त्यांच्या उजव्या हातात खंजिरी, आणि आम्हा सगळ्यांची नजर त्या हातावर. हात छातीशी असेपर्यंत संथ लय. कोपर वर गेलं की पुढच्या समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, दुगुन (दुप्पट लय). थाप अंगठ्याजवळ दाबून पडली की शेवट आला. तोंडानं सूचना कधीच नाही, कारण त्यानं गाणं तुटतं. खंजिरीला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. आता घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, त्यामुळे बकऱ्याचं कातडं किंवा फायबर. फायबर पावसाळ्यात उतरत नाही, पण तो नाद नाही. बुवा अजून कातड्याचीच वापरतात. श्रावणात कातडं सर्द होतं म्हणून भजनाआधी शेकोटीवर खंजिरी शेकतात, आणि शेकता शेकता शेजारी बसलेल्या पोरांना त्या दिवशीचं धृपद म्हणून दाखवतात. खरी तालीम तीच.

मूल, जि. चंद्रपूर

आमच्या वस्तीत बुद्ध-भीमगीतांचं मंडळ आहे, तेही इथे चालेल ना? बाबासाहेबांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ला चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी दरवर्षी आमचं मंडळ चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातं. गाणी बसवणारी माझी मोठी आई. तिनं ठरवून दिलं होतं की आधी त्रिशरण-पंचशील सगळ्यांनी एका संथ लयीत म्हणायचं, मगच ढोलकी उघडायची. त्यानं श्वास एक होतो, असं ती सांगायची. मी पुढे शहरात गायन शिकलो तेव्हा कळलं की गाण्याआधी आवाज तयार करण्याची ही फार चांगली रीत आहे. धानाची रोवणी सुरू असली की बाया चिखलात उभ्या राहून थकलेल्या असत. त्या दिवसांत ती अवघड गाणी काढतच नसे.

मंगरूळपीर, जि. वाशिम

कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत काकडा, म्हणजे देवळातलं पहाटेचं भजन. नेमका सोयाबीन काढणीचा आणि कापूस वेचणीचा हंगाम. आमचे विणेकरी पहाटे घरोघर हाक मारत फिरतात. त्यांना गाता फारसं येत नाही, पण ते नसतील तर काकडाच होणार नाही. त्यांची नोंद इथे असावी असं वाटलं.

वरूड, जि. अमरावती

आमच्या आबाजींचा आवाज वयानं गेला. आता भजन त्यांची नात उचलते, अकरावीत आहे. आबाजी शेजारी बसून फक्त खंजिरी वाजवतात, आणि ती चढ्या लयीत निघाली तर लय ओढून धरून तिला संथ करतात. अडचण दुसरीच आहे. खंजिरी भजन स्पर्धेत वेळ मोजून मिळतो, त्यामुळे सगळे सुरुवातीपासूनच दुगुनीत पळतात, आणि टाळ्या मिळतात म्हणून सिनेमाच्या चाली लावतात. आबाजींनी सिनेमाची चाल कधी लावू दिली नाही. नातीचं म्हणणं, एखादी घेतली तर तिच्या वयाची पोरं मंडळात येतील. मला दोघांचंही पटतं, तरी माझा कल आबाजींकडे आहे. जुन्या चाली गेल्या तर कुठून आणणार? सिनेमाची गाणी काय, मोबाईलवर आहेतच. मी आबाजींच्या चाली नातीच्या आवाजात रेकॉर्ड करतो आहे, प्रत्येकीच्या सुरुवातीला पट्टीही सांगतो. तुमच्या मंडळात नव्या पोरांना कसं आणलं, ते कोणी लिहिलं तर आम्हाला यंदाच्या पुण्यतिथी महोत्सवाआधी उपयोगी पडेल.