मदत हवी आहे : फीच्या अर्जांसाठी एआय वापरावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला रामबागेत एक छोटा ट्रस्ट चालवतो, गरजू मुलांची शाळेची फी भरतो. जूनमध्ये अर्जांचा नुसता ढीग पडतो आणि वाचायला आम्ही चौघंच, त्यातले दोघं सत्तरीचे. यंदा एका मुलाने मोबाईलवर फोटो काढून सगळे अर्ज फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकले आणि सारांश मागितला, काम तासाभरात झालं पण एका अर्जात हिंदीत लिहिलं होतं "पिता साथ नहीं रहते", त्याचं चॅटबॉटने वडील वारले असं केलं! आणि गरजेप्रमाणे क्रम लाव म्हटलं तर एका आईचे वेडेवाकडे तीनच ओळींचे अर्ज तळाशी गेले, तिला धड लिहिता येत नाही हो, मी तिच्या घरी जाऊन आलेय, पत्र्याची एक खोली आहे.

मला जास्त काळजी आधारच्या झेरॉक्सची वाटते, त्यासुद्धा अपलोड झाल्या. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, आम्ही कुणाला विचारलंच नाही.

एआय सोडायचं नाहीये, पावत्या नि देणगीदारांची पत्रं छान होतात. पण निवड माणसांनीच करावी असं मला ठामपणे वाटतं. कुणाच्या संस्थेने याचे लेखी नियम केलेत का? संमतीचा साधा हिंदी-मराठी नमुना असेल तर प्लीज पाठवा, आणि अपलोड झालेलं आता पुसायचं कसं तेही सांगा.