मदत हवी आहे : लोडरच्या पंज्याला तेल कोठून द्यावे?

गोदाकाठ (गेवराई)
ट्रॅक्टरच्या पुढील लोडरच्या बकेटवर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणारा) पंजा फांद्या आवळून धरण्यासाठी बसवायचा आहे. लोखंडी काम वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले असून तो उघडणारे-मिटणारे दोन जॅकही (तेलाच्या दाबाने दांडा सरकवणारे) आणून ठेवले आहेत; परंतु लोडरला दोनच लिव्हर आहेत, एकाने बूम (लोडरचा हात) वर-खाली होतो आणि दुसऱ्याने बकेट उलटते, त्यामुळे पंज्याला तेल कोठून द्यावे येथे काम अडले आहे. ट्रॉलीचा पाइप ज्या तोटीला जोडतो तेथून घेतले तर चालेल काय? बांधावरच्या वेड्या बाभळी तोडून पडल्या आहेत आणि पेरणीच्या आत रान मोकळे व्हायला हवे. कंपनीला विचारा, असे कृपया कोणी सुचवू नये. विचारून झाले आहे.

लेथवाला (वाळूज)
दादा, ट्रॅक्टर किती एचपीचा, हेसुद्धा आपण लिहिलेले नाही. लोडरला तेल ट्रॅक्टरच्याच पंपातून येते की पुढे वेगळा पंप आणि टाकी आहे? जॅकला तेलाचे तोंड एक की दोन, बोअर (आतला व्यास) किती, पंज्याचे वजन किती? हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होईल.

माजलगावकर
एवढ्या चौकशीची गरज नाही. मागे डबल अॅक्टिंगचा डीसीव्ही (तेलाची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) बसवावा आणि तेथून दोन पाइप चेसिसच्या कडेने पुढे न्यावेत. आमच्याकडे कडबा आणि उसाचे वाढे उचलण्यासाठी हीच व्यवस्था असून तिने कधी तक्रार दिलेली नाही.

बालाघाट
बाभळी काढण्यासाठी एवढा खर्च करण्याऐवजी जेसीबी भाड्याने आणावा, असे माझे मत आहे. पऱ्हाटीचा प्रश्न असेल तर ती बारीक करणारा श्रेडर घ्यावा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणासाठी अर्ज करता येतो. लागणारी कागदपत्रे तयार ठेवावीत.

गोदाकाठ
श्रेडरविषयी विचारलेले नाही. ट्रॅक्टर पन्नास एचपीचा आहे. जॅकला दोन तोंडे असून बोअर 50 मिमी आणि स्ट्रोक (दांड्याची धाव) 250 मिमी आहे. पंज्याचे वजन केलेले नाही, पण दोन माणसांना तो हलत नाही. मागे एकच तोटी आहे. पंपाचे पाहून सांगतो.

लेथवाला (वाळूज)
मागे एकच तोटी असेल तर ती सिंगल अॅक्टिंग आहे. ट्रॉली तेलाने वर जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली बसते, म्हणून तिला एक पाइप पुरतो. पंज्याला मात्र आवळताना आणि उघडताना दोन्ही वेळा जोर लागतो, त्यामुळे त्या तोटीचा विचार सोडून द्यावा. माझ्या मते सहा तोंडांचा बारा व्होल्टचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह बकेटच्या लाइनमध्ये बसवणे सर्वांत सोपे आहे. लिव्हरच्या मुठीवर बटण ठेवायचे; ते दाबले की तोच लिव्हर पंजा चालवतो आणि सोडले की पुन्हा बकेट चालवतो. पंप कोठलाही असला तरी ही जोडणी बदलत नाही.

माजलगावकर
म्हणजे पंजा आवळत असताना बकेट हलणार नाही. बाभळीचे काटेरी जंजाळ उचलताना दोन्ही एकदम चालवावे लागते. डीसीव्ही नको असेल तर निदान लोडरच्या व्हॉल्व्हमागे तिसरा स्पूल (स्वतःच्या लिव्हरचा आणखी एक व्हॉल्व्ह) जोडून घ्यावा.

लेथवाला (वाळूज)
आधी आवळायचे आणि मग बकेट मागे घ्यायची, एवढा क्रम हाताला बसला की काम अडत नाही. आपल्या डीसीव्हीचा लिव्हर सीटच्या मागे असल्याने प्रत्येक वेळी लोडरचा लिव्हर सोडून हात मागे न्यावा लागतो, हे आपण लिहिले नाही. तिसरा स्पूल जोडायला माझी हरकत नाही. मात्र पहिल्या व्हॉल्व्हला पॉवर बियाँडचे (पुढच्या व्हॉल्व्हला प्रेशरचे तेल देणारे) तोंड नसेल तर त्याच्या टाकीकडे जाणाऱ्या तोंडातून पुढचा व्हॉल्व्ह चालवू नये. ते तोंड परतीच्या तेलासाठी असते आणि पूर्ण प्रेशर आले तर व्हॉल्व्हचे घर फुटू शकते. असे फुटलेले व्हॉल्व्ह आमच्याकडे दुरुस्तीला येतात.

पूर्णाकाठ (परभणी)
तेलाची चर्चा पुष्कळ झाली, वजनाकडे कोणी पाहिलेले नाही. पंज्याचे जेवढे वजन, तेवढी लोडरची उचल कमी होते आणि तो सगळा भार पुढच्या अॅक्सलवर येतो. ट्रॅक्टर टू व्हील ड्राइव्ह असेल तर तो अॅक्सल अशा कामासाठी नाजूकच समजावा. मागे वजन बांधल्याशिवाय बूम वर नेऊ नये.

माजलगावकर
मागच्या टायरमध्ये पाणी भरले की काम होते.

पूर्णाकाठ (परभणी)
अर्धेच होते. टायरमधील पाण्याने मागची चाके उचलली जात नाहीत, हे खरे. पण ते वजन मागच्या अॅक्सलवरच असल्याने पुढच्या अॅक्सलचा भार त्यातून तसूभरही कमी होत नाही. मागच्या लिंकेजला (अवजार जोडायच्या दांड्यांना) काँक्रीटचा ठोकळा किंवा रोटाव्हेटर टांगला तर वजन अॅक्सलच्या मागे पडते आणि पुढचा भार खरोखर हलका होतो. भरलेला पंजा घेऊन चालताना बूम जमिनीलगत ठेवावा, विशेषतः बांध ओलांडताना.

गोदाकाठ
पाहिले. पुढे पुलीवर चालणारा वेगळा पंप आहे आणि टाकीही वेगळी आहे. टू व्हील ड्राइव्ह आहे, रोटाव्हेटर मागे टांगता येईल. डायव्हर्टर बसवायचे ठरवले आहे. 50 मिमीचे जॅक कमी पडतील का? आणि बटणाची वायर चावीच्या वायरला जोडली तर चालेल का?

लेथवाला (वाळूज)
जॅक कमी नव्हे, जास्तच पडतील. 150 बार प्रेशरला 50 मिमीचा एक जॅक जवळपास तीन टन जोर देतो, त्यामुळे पंज्याच्या बिजागरीला जाड प्लेट लावून घ्यावी. दोन्ही बाजूंचे पंजे लोखंडी पाइपने एकमेकांना जोडले असतील तर ते मोकळे करावेत. तेल आधी जेथे अडथळा कमी तेथे जाते, म्हणून एक पंजा खोडाला टेकला तरी दुसरा बारीक फांदीपर्यंत आवळत जातो, आणि जोडलेले पंजे मात्र पिळवटतात. जॅकजवळ लॉक व्हॉल्व्ह (जॅकमधील तेल अडवून धरणारा) लावावा, अन्यथा डायव्हर्टरमधून होणाऱ्या किंचित गळतीने वाटेत पकड ढिली होईल. डायव्हर्टरच्या कॉइलचा करंट चावीच्या वायरवर टाकू नये. बॅटरीवरून फ्यूज घालून रिलेमार्फत (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) द्यावा आणि चावीवरून फक्त रिले चालवावा.

पाइप कापण्यापूर्वी बूम पूर्ण वर नेऊन आणि बकेट पूर्ण उलटवून लांबी मोजावी. जुने निपल (पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) सोबत घेऊनच दुकानात जावे, कारण बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आणि मेट्रिक आटे दिसायला सारखे असतात आणि अर्ध्यावर अडकतात. दोन्ही जॅक भरायला साधारण एक लिटर तेल लागेल. पंजा काही वेळा उघडून-मिटून हवा काढावी आणि मग टाकीची पातळी पाहून तेल घालावे.