जुन्या बीअरच्या नोंदवह्या आणि सुरुवातीचे ब्रूपब : कुठे बघू, कसं वाचू?

नळाचं_पाणी
नमस्कार मंडळी. चार वर्षं इंग्लंडात रेडिंगला आहे आणि घरच्या घरी बीअर करतो. (इथे 1963 पासून त्याला परवाना लागत नाही, काळजी नसावी.) पुढच्या महिन्यात बायको-मुलं साताऱ्याला जाताहेत, मला दोन आठवडे मोकळे आहेत. दोन गोष्टींवर सल्ला हवा आहे. जुन्या ब्रुअऱ्यांच्या रोजच्या नोंदवह्या माझ्यासारख्या सोम्यागोम्याला बघायला मिळतात का? आणि जिथे बनते तिथेच विकली जाते, अशा ब्रूपबांची आत्ताची लाट नक्की कुठून सुरू झाली? 'जगातला पहिला' म्हणवणारे नेटवर पैशाला पासरी आहेत.

आणखी एक. एका वहीचा फोटो मिळालाय, त्यात घनतेच्या रकान्यात नुसतं 20 लिहिलंय. माझा हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) 1050, 1060 असलं काहीतरी दाखवतो. मग हे 20 कसले?

बुधवारकर
वह्यांसाठी लांब जायला नको. लंडनला क्लर्कनवेलमध्ये लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज आहे, हल्ली नाव 'द लंडन आर्काइव्ह्ज' केलंय. व्हिटब्रेड, ट्रुमन आणि बार्कले पर्किन्स, लंडनच्या या तिन्ही जुन्या ब्रुअऱ्यांचं दप्तर तिथे आहे. कुणीही जाऊ शकतं. घरूनच सूचीतले क्रमांक काढून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस त्यातच जातो. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो काढायचे पैसे वेगळे पडतात, आधी विचारून घ्या.

आता तुमचे 20. हे पौंड आहेत. इंग्रजी बॅरल म्हणजे 36 गॅलन, आपले साधारण 164 लिटर. तेवढ्या नुसत्या पाण्याचं वजन 360 पौंड. त्याच बॅरलमध्ये माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, म्हणजे वॉर्ट, भरला आणि वजन 380 भरलं, तर वरचे 20 पौंड वहीत लिहायचे. 380 भागिले 360 करा, 1.0555 येतं. म्हणजे तुमच्या हायड्रोमीटरवर 1055 आणि वर थोडं. घाईत असाल तर पौंडाला 2.77 ने गुणा आणि 1000 मिळवा. माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, कारण दर वेळी विसरतो.

हे आकडे इतके काटेकोर का, तर अबकारी. 1880 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून वॉर्टवर बसवला. वॉर्ट जितका दाट, तितका कर जास्त. त्याच कायद्याने धान्यावरची बंधनंही सुटली, म्हणून त्यानंतरच्या पानांवर मका, साखर दिसली तर भेसळ समजू नका.

पान उघडलंत की आधी माल्ट बघा. तो क्वार्टरमध्ये असतो, एक क्वार्टर 336 पौंड, म्हणजे दीडशे किलोच्या वर. हॉप्सपुढे (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) 'ई.के.' दिसलं तर ईस्ट केंट, शेजारी पिकाचं साल, आणि 'सी.एस.' म्हणजे कोल्ड स्टोअरमधला माल. दोन वर्षं जुने हॉप्स सर्रास वापरलेले दिसतात. माइल्ड बीअरला एक्स, दोन एक्स, तीन एक्स अशी नावं असतात, जितके एक्स तितकी कडक.

आणि एकाच पानावर दोन-तीन बीअरची नावं दिसली तर गोंधळू नका. त्याला पार्टी-गाइल म्हणतात. नारळाचं पहिलं दाट दूध आणि दुसरं पातळ दूध वेगळं काढतो ना, तसंच. एकाच माल्टमधून दाट आणि पातळ वॉर्ट काढायचे, वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचे, की एका दिवसात तीन बीअर तयार. माझे पहिले दोन दिवस हे न कळल्यामुळे फुकट गेले.

जाण्यापूर्वी रॉन पॅटिन्सन यांचा 'शट अप अबाउट बार्कले पर्किन्स' हा ब्लॉग चाळा. नोंदवह्या उलगडून दाखवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

कोकम_सोडा
बुधवारकरांना दंडवत, प्रतिसाद साठवला.

मी सिएटलला असते, म्हणून इकडचं सांगते. दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत बनवणारा वेगळा आणि विकणारा वेगळा, अशी कायद्याने भिंत घातली गेली. त्यामुळे ब्रूपब बसतच नव्हता. ती भिंत पुढे एकेका राज्याने फोडली. दारूबंदीनंतरचा अमेरिकेतला पहिला ब्रूपब म्हणून नाव घेतात ते बर्ट ग्रँट यांच्या याकिमामधल्या पबचं, साल 1982, जागा जुन्या ऑपेरा हाउसची. माणूस मूळचा हॉप्सचा रसायनतज्ज्ञ. खिशात हॉप्सच्या तेलाची कुपी ठेवायचे आणि बाहेर मिळमिळीत बीअर पुढे आली की त्यात दोन थेंब टाकायचे, असं सांगतात. आपल्याकडे खानावळीत घरचं लोणचं घेऊन जाणारे आजोबा असतात, त्यातलेच.

कॅलिफोर्नियात 1983 मध्ये हॉपलंड आणि हेवर्ड इथे ब्रूपब निघाले. हॉपलंडवाल्यांनी बंद पडलेल्या न्यू ॲल्बियनची भांडी घेतली. न्यू ॲल्बियन म्हणजे जॅक मॅकॉलिफ यांनी 1976 मध्ये सोनोमाला काढलेली ब्रुअरी, सहा वर्षांत बुडाली. कागदपत्रांसाठी कॉर्व्हॅलिसला ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचा हॉप्स आणि ब्रूइंगचा संग्रह आहे, 2013 पासूनचा. लोकांच्या मुलाखतीही ठेवल्यात.

बुधवारकर
'पहिला' शब्दावर माझा आक्षेप. इंग्लंडात ही परंपरा तुटलीच नव्हती, फक्त धाप लागली होती. 1970 च्या सुमारास स्वतःची बीअर करणारे जुने पब चारच उरले होते. त्यातला कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचा ब्लू अँकर अजून चालू आहे.

नवी लाट म्हणाल तर डेव्हिड ब्रूस. 1979 मध्ये लंडनच्या सदर्क भागात 'गूज अँड फर्किन' हा ब्रूपब काढला, मग फर्किनांची रांगच लागली, आणि 1988 मध्ये सगळा पसारा 66 लाख पौंडांना विकून मोकळे. पाणी साहेब, तिथून चालत पार्क स्ट्रीटला जा, बार्कले पर्किन्सची ब्रुअरी तिथेच होती. हायनाउ नावाच्या ऑस्ट्रियन सेनापतीला 1850 मध्ये तिथल्या गाडीवानांनी बदडलं होतं, त्याची पाटीसुद्धा लावलीय!

ढवळ्या
अवांतर वाटेल, पण पुण्याचंही सांगतो. 2009 मध्ये डूलाली सुरू झालं, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. नाव आपल्या देवळालीवरून. तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत वेडे होणारे गोरे सोल्जर 'डूलाली टॅप' म्हणायचे. टॅप म्हणजे आपला ताप हो, नळ नव्हे.

मी नंतर दुसऱ्या एका ठिकाणी हाताखाली काम केलं, नाव सांगत नाही. रोजच्या नोंदी छापील तक्त्यावर, तक्ता टाकीला चिकटवलेला. कोपरा कायम ओला, शाई पसरलेली, तापमानाच्या रकान्यात कुणीतरी ऑम्लेटचा हिशोब केलेला. जागा बदलली तेव्हा तीन वर्षांचे तक्ते रद्दीत गेले. अबकारीच्या रजिस्टरला मात्र कुणी हात लावला नाही. त्यात किती लिटर ते सापडेल, बीअर कशी केली ते नाही.

नळाचं_पाणी
सगळ्यांचे आभार. 20 चं कोडं सुटलं, आणि फोटोत खाली जे 16 आणि 11 होते ते त्याच दिवसाच्या पातळ बीअरचे असणार, आत्ता ट्यूब पेटली. आधी क्लर्कनवेल, मग सदर्क.

ढवळ्या, एखादा तक्ता तरी वाचलाय का हो?

ढवळ्या
दोन आहेत. गव्हाच्या बीअरचे. ऑम्लेटवाला त्यातलाच. रविवारी फोटो टाकतो.