हलक्या अणुकेंद्रकांच्या गणितात पाच वर्षं घालवावीत का? (बोलणाऱ्यांची नावं म्हणजे सोलापुरातले त्यांचे भाग)

होटगी रोड: माझी पुतणी एम.एस्सी. झाली. पीएच.डी.ला तिला ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन), ट्रायटॉन (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन), लिथियम असल्या हलक्या केंद्रकांची सैद्धांतिक गणितं करायचीत. घरात दोन तट पडलेत, मी विरोधात आहे. ट्रायटॉनची बंधनऊर्जा, म्हणजे त्याचे कण सुटे करायला लागणारी ऊर्जा, मोजलेली ८.४८ एमईव्ही (केंद्रकातल्या ऊर्जेचं एकक). कणांच्या फक्त जोडीजोडीतलं बल धरून हिशेब केला तर येते साडेसात-आठ. मग म्हणायचं, तिघं एकत्र आले की आणखी एक वेगळं बल लागतं. आणि त्याचा आकडा ठरवायचा कशावरून? ट्रायटॉनवरूनच! पुस्तकामागचं उत्तर बघून पायऱ्या लिहिण्यातला प्रकार झाला हा. त्यापेक्षा थिन फिल्म (पदार्थाचे पातळ थर) घे म्हणतो, हाताने काही मोजता तरी येतं.

सात रस्ता: ते बल उत्तर जुळवायला काढलेलं नाही ओ. १९५७ मध्ये फुजिता आणि मियाझावा यांनी कारण दाखवलं: एका शेजाऱ्याकडून आलेल्या पायॉनमुळे (हा बल वाहून नेणारा कण) मधला कण उत्तेजित होतो आणि त्या अवस्थेतच तिसऱ्याशी देवाणघेवाण करतो. प्रोटॉन-न्यूट्रॉन म्हणजे गोट्या नव्हेत. आणि मोजायचंच म्हणत असाल तर मे महिन्यात आपल्याला भाजून काढणारा सूर्य बघा की. तिथे ऊर्जा तयार होण्याची पहिली पायरी म्हणजे दोन प्रोटॉनांचा ड्यूटेरॉन होणं. ती क्रिया इतकी दुर्मिळ, की सूर्यातल्या ऊर्जेला तिचा वेग कुठल्याच प्रयोगशाळेत मोजता आलेला नाही. तो आकडा गणितातूनच घेतात.

साखर पेठ: काका, मीच ती. परवा रात्री ड्यूटेरॉनचं सगळ्यात साधं गणित लॅपटॉपवर केलं. बल चौकोनी विहिरीसारखं धरलं, म्हणजे ठरावीक अंतरापर्यंत ऊर्जा एकसारखी खाली, त्यापुढे शून्य; पल्ला २.१ फर्मी (केंद्रकातल्या अंतराचं एकक). खोली ३४ एमईव्हीच्या आसपास ठेवली की बंधनऊर्जा २.२ येते, मोजलेली तेवढीच. मग खोली कमी करत गेले. २३ च्या आसपास आकडा शून्याला टेकला आणि ड्यूटेरॉन सुटला. वर्गात हे ऐकलं होतं, पण स्वतः बघितल्यावर झोप लागली नाही.

होटगी रोड: छान आहे पोरी, पण ते दोन कणांचं. बोरॉन-१० घे. मोजलेला स्पिन (केंद्रकाची फिरकी) ३, जोडीच्या बलाने गणित सांगतं १. तिघांचं बल घातल्यावर ३ येतो, पण त्या बलाच्या काही नमुन्यांतच. काहींत चूक तशीच राहते. मग खरा नमुना कुठला? आणि कार्बन-१२ला गणितातलं मॅट्रिक्स (आकड्यांचं कोष्टक) शेकडो कोटी ओळींचं होतं. तेवढं मशीन कुठून आणणार?

साखर पेठ: ट्रायटॉनला जुळलेला नमुना बोरॉनला हुकतो, म्हणजे त्याची चूक पकडता येते. उत्तर बघून लिहिलेलं असतं तर हुकला असता का? मला तेच शोधायचंय.

सात रस्ता: नागपुरात शिकलेल्या विजय पांढरीपांडे यांनी इलिनॉय विद्यापीठात याच विषयात काम केलं. अणुकेंद्रकांच्या भौतिकशास्त्रासाठीचा १९९९ चा बॉनर पुरस्कार त्यांना मिळाला.

विडी घरकुल: मी काकांच्या बाजूने. विषय चांगलाच आहे, पण आधी जेआरएफ (संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती) काढ. घरात यंत्रमागाचा पगार असला की पाच वर्षं लांबच लांब वाटतात, मी बघितलंय.

होटगी रोड: बोरॉनचं तू म्हणालीस त्यावर विचार करतोय. पण मार्गदर्शक नक्की झाल्याशिवाय माझा होकार नाही. रविवारी ये, लॅपटॉप घेऊन.